काळ्या शिळेत मावले नाही ते

एका राज्यात हेमांगद नावाचा राजा होता. नद्या बारमाही वाहत, कोठारे भरलेली असत आणि शत्रू दूर होते. राजा शूर होता, प्रजेला जपणारा होता. त्याच्या मनात भय होते ते एकच. विसरण्याचे.

या भयाला कारण होते. हेमांगदाचा पिता, थोरला राजा, उतारवयात सारे काही विसरत गेला. आधी गावांची नावे गेली, मग माणसांची. एके सकाळी हेमांगद पाया पडायला वाकला, तेव्हा म्हाताऱ्याने मोठ्या अदबीने विचारले, "आपण कोण? कुठून आलात?"

हेमांगदाने आपले नाव सांगितले.

"छान नाव आहे," थोरला राजा म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

तेव्हापासून कोणतीही सुंदर गोष्ट दिसली की हेमांगदाला आनंदाआधी धास्ती वाटे. ही जाईल, आणि हिची आठवणही जाईल.

आणि त्याच्या घरी सुंदर गोष्टी पुष्कळ होत्या. राणी पद्मगंधा पहाटे गच्चीवर उभी राहून गाई, तेव्हा तिच्या पहिल्या सुराला नदीवरचे बगळे उठत. त्याआधी ते उठत नसत. आणि त्यांची एकुलती एक कन्या शेवंती. शेवंती हसली की अंगणातल्या मोगऱ्याच्या कळ्या उमलत. भर दुपारी हसली तर भर दुपारी उमलत, आणि मग संध्याकाळच्या पूजेला फुले राहत नाहीत, अशी माळ्याची तक्रार असे.

दरबारात कृष्णाई नावाची चितारीण होती. तिने भिंतीवर विहीर रंगवली होती, तर वाकून पाहणाऱ्याच्या तोंडाला गारवा लागे. राजाने तिला शेवंतीचे चित्र काढायला सांगितले. तिने जीव ओतून काढले. दरबार थक्क झाला. राजाही बराच वेळ पाहत राहिला.

"उत्तम आहे," तो म्हणाला. "पण शेवंती हसते तेव्हा आधी तिचे खांदे हलतात, मग नाक आक्रसतं, मग आवाज येतो. ते यात नाही."

"ते यात यायचं नाही, महाराज," कृष्णाई म्हणाली. "ते एकामागून एक घडतं. चित्रात सगळं एकदमच असतं."

"मग मी विसरलो तर?"

"तर तिला पुन्हा हसवावं लागेल."

राजाने तिला शालू दिला, मान दिला. पण त्याच्या मनाचे समाधान झाले नाही.

अशात एके दिवशी अचलेंद्र नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याच्या चेहऱ्यावरून वय कळत नव्हते. दारातून वारा आला, सगळ्यांची उपरणी हलली, त्याचा केससुद्धा हलला नाही. त्याने लाल कापडात गुंडाळलेली एक काळी, घोटीव शिळा काढली आणि कापड दूर केले.

शिळेत एक बगळा पाण्यावरून उठत होता. त्याच्या पायांवरून निथळणारा थेंब न् थेंब वेगळा दिसत होता, आणि प्रत्येक थेंबात सूर्य होता. कृष्णाई उठून जवळ गेली. खूप वेळ पाहून तिने हात जोडले.

"अशी रेघ माझ्या हातून या जन्मी उमटायची नाही," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात मत्सर नव्हता. जे खरे होते ते ती बोलली.

"अशा तीन कोऱ्या शिळा मी तुला देतो, राजन्," अचलेंद्र म्हणाला. "जे राखायचं असेल त्याच्यापुढे कापड काढ. बस."

"मोल काय?"

"मोल नाही, चित्र तुझ्याकडे राहील. जे चित्रात येईल ते माझ्या मूळ शिळेकडे येईल."

राजाने पहिले वाक्य ऐकले. दुसरे त्याच्या कानांवरून गेले. मांत्रिक शिळा ठेवून निघून गेला.

पहिल्या शिळेवरचे कापड राजाने शेवंती झोक्यावर हसत असताना काढले. दुसरीवरचे काढले नव्या पिकाच्या मेजवानीत, सगळी नगरी पहिला घास तोंडात घालत असताना. तिसरीवरचे पहाटे गच्चीवर, राणीच्या सुराला बगळे उठत असताना. तिन्ही चित्रे अशी उमटली की त्यांत शेवंतीच्या नाकावरची आठी होती, भातावरची वाफ होती, राणीच्या गळ्याची थरथरणारी शीर होती. राजाने ती एका दालनात लावली आणि कित्येक वर्षांनी तो निवांत झोपला.

दुसऱ्या दिवशी पहाटे राणी गच्चीवर गेली. तिने ओठ उघडले आणि सूर आलाच नाही. बोलता येत होते. गाता येत नव्हते. ऊन वर आले तरी बगळे चिखलात बसून होते. नगरीत लोक जेवायला बसले आणि एकमेकांकडे पाहू लागले. मीठ होते, तिखट होते, पण चव नव्हती. त्या दिवसापासून लोक पोट भरायचे म्हणून जेवू लागले.

आणि शेवंती हसेनाशी झाली. ती रडत नव्हती, रुसली नव्हती. विदूषक तिच्यापुढे कोलांट्या मारी, तेव्हा ती म्हणे, "पडाल." मोगऱ्याच्या कळ्या मिटल्या मिटल्याच पिवळ्या पडून गळू लागल्या.

राजाला हे लवकर कळले नाही, कारण तो दिवसभर चित्रांच्या दालनात बसलेला असे. एका दुपारी राणी तिथे आली.

"महाराज, आपण इथेच असता."

"इथे शेवंती हसते आहे," राजा म्हणाला. "पाहा, खांदे नुकतेच हलून गेलेत."

"शेवंती बाहेर पायरीवर बसली आहे."

राजा बाहेर गेला. मुलगी पायरीवर बसली होती, हातात काही नव्हते. त्याने तिला गुदगुल्या केल्या. तिने त्याच्या हाताकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "बाबा, तुम्ही काय करताय?"

तेव्हा मांत्रिकाचे दुसरे वाक्य राजाला आठवले. जे चित्रात येईल ते मूळ शिळेकडे जाईल.

राज्याच्या सीमेवर अरण्य होते, आणि अरण्यात एका जुन्या वृक्षावर एक म्हातारा धनेश पक्षी राहत असे. त्याला सगळ्या वाटा ठाऊक होत्या. राजा एकटाच त्या वृक्षाखाली जाऊन उभा राहिला. धनेश चोचीत फळ घेऊन आला होता. वृक्षाच्या ढोलीचे तोंड मातीने लिंपलेले होते. मध्ये बारीक फट होती. त्या फटीतून आतल्या मादीची चोच बाहेर आली होती.

"थांब," धनेश म्हणाला. "आधी हिचं जेवण."

राजा थांबला. मादीचे खाणे झाल्यावर धनेशाने मान वळवली. "बोल."

राजाने सगळे सांगितले.

"मीही माझं माणूस कोंडून ठेवतो," धनेश म्हणाला. "पिल्लं उडती होईपर्यंत. पण फट ठेवतो. फळ आत जातं, हिची कुरकुर बाहेर येते. तुझ्या शिळेला फट नाही, राजा. आत गेलं ते गेलं."

"परत कसं येईल?"

"उत्तरेला चालत जा. जिथे वारा थांबेल तिथे अचलेंद्राचं घर. पुढचं त्याला विचार. आणि जिचं हसू गेलं तिला बरोबर ने. सूर आणि चव आपापल्या घरी परततील, पण सुटलेलं हसू कुणाच्याही तोंडी जाऊन बसेल."

राजाने राज्य प्रधानावर सोपवले. राणीने शेवंतीची वेणी घातली, एका गाठोड्यात पीठमीठ बांधून दिले.

"ती चालून दमते पण सांगत नाही," राणी म्हणाली. "पाय ओढू लागली की समजा."

राजाला हे माहीत नव्हते. त्याने ते लक्षात ठेवले.

दोघे उत्तरेला चालू लागली. राजाने आयुष्यात कधी भाकरी थापली नव्हती. पहिल्या मुक्कामाला थापली ती एका बाजूने करपली, दुसऱ्या बाजूने कच्ची राहिली. शेवंतीने ती निमूट खाल्ली. चव नव्हतीच, पण धुराचा वास होता. "आपल्या घरी असा वास येत नाही," ती म्हणाली. वाटेत राजाला कळले की तिला पाण्यातले गोल दगड वेचायला आवडतात आणि झोपताना ती उजव्या कुशीवर वळते. ती पाय ओढू लागली की तो थांबे आणि आपणच दमल्याचे सांगे.

एके ठिकाणी पाने हलायची थांबली. डोंगराच्या उतारावरचे गवत एका बाजूला वाकले होते आणि पुन्हा सरळ होत नव्हते. वर अचलेंद्राचे घर होते. त्याच्या भिंती काळ्या शिळांच्या होत्या आणि प्रत्येक शिळेत काहीतरी होते: पुरातली नदी, लग्नाची वरात, बाळाचे पहिले पाऊल, अख्खा एक वसंत ऋतू. राजा एकेकापाशी थबकत गेला. इतके देखणे त्याने कुठेच पाहिले नव्हते. मधोमध लाल कापडाने झाकलेली, हत्तीएवढी उंच मूळ शिळा उभी होती, आणि तिच्यापाशी मांत्रिक.

"माझ्या मुलीचं हसू परत दे," राजा म्हणाला. "राणीचा सूर आणि प्रजेची चव परत दे."

"मी घेतलं नाही. तू दिलंस."

"चूक झाली."

"चूक कशी? इथे आलेलं काही मरत नाही, राजन्. बाहेर नेलंस तर एक दिवस ते संपेल. ते तुला हवं आहे का?"

शेवंतीने त्याचे बोट धरले होते. त्याने ते बोट सोडवून घेतले नाही.

"शिळेचा एक नियम आहे," अचलेंद्र म्हणाला. "तिच्यात न मावणारी गोष्ट तिच्यापुढे आली तर ती फुटेल, आणि सगळं सुटेल. तीनदा आण. तिन्ही खेपांना मावलं, तर तुम्ही दोघं या भिंतीत. मावलं की नाही ते शिळा स्वतः सांगेल. तिच्यात जे आहे त्याविषयी विचारशील ते ती सांगते."

राजाने ते मान्य केले.

पूर्वेच्या दरीत नाचऱ्या पाण्याचा झरा होता. ते पाणी क्षणभर स्थिर राहत नसे; उड्या मारी, गिरक्या घेई, हवेत वेलांट्या काढी. जे थांबतच नाही ते शिळेत कसे मावेल, असे राजाच्या मनात आले. झऱ्यावर घराएवढ्या एका कासवाचा पहारा होता.

"पाणी हवं तर माझी पाठ खाजव," कासव म्हणाले. "फार काळ कुणी खाजवली नाही."

राजाने तलवारीच्या मुठीने पाठ खाजवली. शेवंती वर चढून नेमकी जागा सांगत होती. "डावीकडे. अजून डावीकडे. आता खाली." कासवाने डोळे मिटले आणि वाट दिली. राजाने वाडगाभर पाणी घेतले. शेवंती सबंध वाट वाडग्यावर झाकण दाबून धरून होती, तरी तिचे कपडे चिंब झाले.

मूळ शिळेपुढे राजाने झाकण काढले. पाण्याने हवेत गिरकी घेतली. मांत्रिकाने कापड ओढले. शिळेत ती गिरकी उमटली, मोत्यांच्या सरीसारखी, एकही थेंब न हरवता.

"मावलं," शिळा म्हणाली.

वाडग्यातले पाणी सपाट होऊन पडले. दूर दरीत झराही थांबल्याचे राजाला जाणवले.

"बाबा," शेवंती म्हणाली, "कासव आता काय बघेल?"

राजा खाली मान घालून निघाला.

पश्चिमेच्या कड्यावर गंधफूल होते. त्याला रंग नव्हता, आकार नव्हता, पाकळी नव्हती. नुसता वास होता. जे दिसतच नाही ते शिळेत मावणार नाही, असे राजाने ठरवले. तो शेवंतीला पाठुंगळी घेऊन कडा चढला. वर पोचून त्याने दगड न् दगड पाहिला, फूल मिळेना. शेवंतीने डोळे मिटले, नाक वर केले, आणि चालत जाऊन एका मोकळ्या जागी ओंजळ धरली. ओंजळ रिकामी दिसत होती. पण जवळ जाताच राजाला एकाच वेळी त्याच्या आईचा पदर, कोरी माती आणि दुधावरची साय आठवली.

शिळेपुढे शेवंतीने ओंजळ नाकाशी नेली. मांत्रिकाने कापड ओढले. शिळेत फूल उमटले नाही. उमटला शेवंतीचा चेहरा: पापण्या मिटलेल्या, श्वास आत ओढलेला, नाकपुड्या किंचित फुललेल्या. तो चेहरा पाहणाऱ्याला वास समजत होता. राजाचे डोळे भरून आले, इतके ते चित्र सुंदर होते.

"मावलं," शिळा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राजाने भाकरी केली. त्याचे लक्ष नव्हते. ती दोन्ही बाजूंनी कोळशासारखी जळली. शेवंतीने ती हातात घेतली, नाकाशी नेली.

"बाबा, आज धुराचा वास येत नाही," ती म्हणाली.

राजा उठून एका खडकाआड गेला आणि तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून रडला.

तिसऱ्या खेपेला काय न्यावे ते त्याला सुचेना. वीज? शिळेत बगळ्याचे थेंब थांबले, तिथे वीजही थांबेल. सावली? प्रतिध्वनी? सगळे मावेल असे वाटे. तो डोंगरातून नुसता चालत राहिला. बोचरी थंडी पडली होती. शेवंतीच्या तळव्यात काटा मोडला. राजाने तो सुईने काढला, पाय बांधला आणि तिला खांद्यावर घेतले. थोड्या वेळात ती झोपली. झोपलेले मूल जागेपणापेक्षा जड होते, हे राजाला तेव्हा कळले. तिचे डोके त्याच्या गळ्याशी टेकले होते. तिच्या श्वासाची ऊब येई, जाई. तोंडातली लाळ त्याच्या अंगरख्यावर उतरली होती. आधी त्याचा हात दुखला, मग त्याला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला. कितीदा तरी त्याच्या मनात आले की सपाट दगड पाहून तिला खाली निजवावे. प्रत्येक वेळी सपाट दगड आला आणि तो पुढे गेला.

त्या डोंगरातल्या सगळ्या वाटा एकाच दाराशी जात. दुपार कलताना राजाने मान वर केली, तो अचलेंद्राच्या घरापुढे उभा होता.

"काय आणलंस?" मांत्रिकाने विचारले.

"काही नाही," राजा हलक्या आवाजात म्हणाला. "मुलगी झोपली आहे. हळू बोल."

"रिकाम्या हाताने आलास. तरी ही तिसरी खेप मोजली जाईल." आणि त्याने कापड ओढले.

शिळेत एक थकलेला माणूस उमटला. त्याच्या खांद्यावर झोपलेली मुलगी होती. तिच्या पायाची पट्टी, त्याच्या अंगरख्यावरचा ओला डाग, तिच्या पापणीवरची धूळ, सगळे जसेच्या तसे आले होते.

"मावलं," शिळा म्हणाली.

राजाने चित्राकडे पाहिले. त्याला ते आवडले. त्याने तसे सांगितलेही. "याहून चांगलं कुणी काढणार नाही. पण मला एक विचारू दे."

"विचार," मांत्रिक म्हणाला.

राजा शिळेला म्हणाला, "ही मुलगी किती जड आहे?"

शिळेने मापात सांगितले. माप बरोबर असावे.

"ते नको. हा माणूस सकाळपासून हिला घेऊन चालतो आहे. त्याचा हात बधिर झाला आहे. हिला खाली ठेवायला जागाही होती. मग ती इतकी जड असूनही त्याने तिला खाली का ठेवलं नाही, ते सांग."

शिळेला ते सांगता येईना; ते तिच्यात आलेच नव्हते. घरात इतकी शांतता होती की शेवंतीचा श्वास ऐकू येत होता.

मांत्रिक पुढे आला. त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "राजन्, तुझा पिता तुला विसरला. तूही हा दिवस विसरशील. हात मोकळा होईल, मुलगी मोठी होईल, काही उरणार नाही. शिळेत राहू दे."

"विसरेन कदाचित," राजा म्हणाला. "माझा पिता मला विसरला. पण त्याने मला असंच उचलून घेतलं असेल. मलाही ते आठवत नाही. दोघांनाही आठवत नाही, म्हणून ते घडलं नाही असं होत नाही. हिचं हसू उद्या संपणार असेल तर उद्या संपू दे. आज तिचं तिला दे."

शिळा अजून उत्तर शोधत होती. तिच्यातल्या चित्रात एक बारीक भेग दिसली, ती माणसाच्या खांद्यापासून निघाली. भेग वर गेली, खाली गेली, आणि मूळ शिळा दुभंगून पडली.

मग भिंतींतून सगळे बाहेर पडू लागले. नदी गर्जत उतारावरून गेली. वरात वाजत गेली. बगळे उडाले. बाळाने दुसरे पाऊल टाकले. वारा आला आणि वाकलेले गवत सरळ झाले. अख्खा वसंत ऋतू दारातून निघाला, तेव्हा राजाला एका बाजूला सरकून वाट द्यावी लागली. या सगळ्या गडबडीत शेवंती झोपलेलीच होती.

अचलेंद्र घराच्या उघड्या जोत्यावर बसला होता. त्याचे केस वाऱ्याने उडत होते आणि पांढरे होत होते. चेहऱ्यावर एकेक सुरकुती येऊन बसत होती. त्याने स्वतःचे तारुण्यही शिळेत ठेवले होते, ते आता सुटून गेले.

"पोटात काहीतरी होतं आहे," तो म्हणाला.

"भूक आहे," राजा म्हणाला, आणि मोकळ्या हाताने गाठोड्यातली उरलेली भाकरी काढून दिली.

म्हाताऱ्याने एक तुकडा चावला. बराच वेळ चावला. "करपली आहे," तो म्हणाला, आणि आणखी मागितली.

त्या वासाने शेवंती जागी झाली. "काहीतरी जळलंय, बाबा," तिने डोळे चोळत विचारले, "आपण पोचलो का?"

परतताना राजा मुद्दाम पूर्वेच्या दरीतून गेला. पाणी पुन्हा नाचत होते, कासव ते पाहत होते. राजाला त्याची क्षमा मागायची होती. पण त्याचा डावा हात अजून बधिरच होता. नमस्काराला एकच हात वर आला. कासवाने त्या एका हाताकडे पाहिले, मोठ्या सौजन्याने मान झुकवली आणि खाजवण्यासाठी सावकाश पाठ फिरवली.

शेवंतीचे खांदे हलले. मग नाक आक्रसले. मग आवाज आला. दरीतल्या काटेरी झुडपांना कधी फुले येत नसत, त्यांनाही आली. राजाही हसला, इतका की त्याला खाली बसावे लागले, आणि शेवंतीच्या चेहऱ्याकडे नीट पाहायचे राहूनच गेले.

दोघे नगरीत पोचली तेव्हा सगळ्या घरांतून फोडणीचा खमंग वास येत होता. राणी ओंजळीत उमललेला मोगरा घेऊन वेशीवर उभी होती.

"कशाला हसली ती?" राणीने पहिला प्रश्न केला.

"मी कासवाला नमस्कार केला," राजा म्हणाला. "एकाच हाताने. तर त्याने पाठ फिरवली."

राणी थांबली. पुढे काही येईना, तेव्हा ती म्हणाली, "बरं."

"सांगून ते तसं वाटत नाही. तू तिथे हवी होतीस."

"मी सांगते," शेवंती म्हणाली. ती जमिनीवर ओणवी झाली, मान ताठ केली, अतिशय गंभीर चेहरा केला, आणि पाठ फिरवायला लागली ती अर्ध्यातच कोसळली. तिला पुढचे सांगता येईना. तिच्याकडे पाहून राणी हसू लागली, मग द्वारपाल, मग प्रधान. कासव त्यांच्यापैकी कुणी पाहिले नव्हते. तिकडे माळी टोपली शोधत अंगणाकडे पळाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे राणी गायली आणि बगळे उठले. राजा गच्चीवर तिच्या शेजारी होता. त्याने डोळे मिटले होते. दालनातल्या तिन्ही शिळा काळ्याशार, कोऱ्या झाल्या होत्या. दगड चांगला होता, म्हणून एक स्वयंपाकघरात पाटा म्हणून गेली. बाकीच्या दोन धोब्याने मागून नेल्या.

कृष्णाईने प्रवासाची हकिगत राजाकडून ऐकली. मग ती पुष्कळ दिवस दरबारात आली नाही. आली ती राजाला राजवाड्याच्या देवडीपाशी घेऊन गेली. तिने देवडीच्या भिंतीवर चित्र काढले होते. खांद्यावर झोपलेली मुलगी घेऊन एक माणूस चालला होता. त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"वजन मला काढता आलं नाही, महाराज," ती म्हणाली. "फक्त तुमचा खांदा किती उतरला असेल, तेवढं काढलं."

राजाने तो खांदा पाहिला. त्याने खाली वाकून चितारणीच्या रंगाने माखलेल्या हातांना हात लावला आणि तो आपल्या कपाळाशी नेला.

त्या देवडीतून सारी नगरी ये-जा करी. कडेवर मूल घेतलेल्या बाया चित्रापाशी थांबत, थोडा वेळ पाहत, आणि नकळत मूल वर सरकवून घट्ट धरत. ज्यांची मुले मोठी होऊन दूर गेली होती अशी म्हातारी माणसे दुसऱ्या हाताने आपला खांदा चोळत. हे कुणी त्यांना शिकवले नव्हते.

राजाही रोज तिथून जाई. चित्राकडे पाही, मान हलवी. पण फार वेळ थांबत नसे. शेवंती बाहेर उभी असे, आणि नदीतले गोल दगड वेचायचे तर ऊन चढायच्या आत निघावे लागे.

ती दोघे नदीवर गेली, आणि गोष्ट इथे थांबली.